इंजिनाचा श्वास आणि तेलाचा हिशेब

वर्गात चार धावांचे इंजिन शिकवताना फळ्यावर जी आकृती काढली जाते ती बहुधा पिस्टनपाशी संपते. शोषण, संपीडन, ज्वलन, उत्सर्जन या चार धावा दाखवल्या, वरच्या दोन झडपा दाखवल्या, खाली एक दांडा आणि एक वर्तुळ काढले की काम झाले. पिस्टनच्या वर काय चालते ते विद्यार्थ्याला पाठ असते. पिस्टनच्या खाली काय असते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. खरे तर विचारायला हवा, कारण मोटार दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या तक्रारींपैकी ‘गाडी ऑइल खाते’ या तक्रारीचे निम्मे उत्तर त्या न काढलेल्या भागात असते.

पिस्टनच्या खालच्या त्या बंदिस्त पेटीला क्रँककेस म्हणतात. तिच्या तळाशी तेल साठते. त्या तळाला आपल्याकडचे मिस्त्री सरळ ‘चेंबर’ म्हणतात. पेटीत क्रँक मिनिटाला हजार-दोन हजार फेरे घेत असतो, तेल उडत असते, त्याचे बारीक तुषार हवेत तरंगत असतात. आणि वरून, पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून, ज्वलनकक्षातील वायूचा थोडा भाग सतत खाली निसटत असतो. रिंग ही गोल पण एका ठिकाणी कापलेली पट्टी असते. तिने कितीही घट्ट धरले तरी ती बाटलीच्या बुचासारखी हवाबंद नसते. या निसटणाऱ्या वायूला इंग्रजीत ब्लो-बाय म्हणतात, मिस्त्रींच्या भाषेत ‘इंजिन बॅक मारते’. चांगल्या इंजिनात हे प्रमाण आत घेतलेल्या हवेच्या एक टक्क्याच्या आसपास असते, झिजलेल्या इंजिनात ते कित्येक पट वाढते.

एक टक्का म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण हिशेब करून पाहू. दोन लिटर क्षमतेचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला २००० फेरे असताना मिनिटाला सुमारे २००० लिटर हवा ओढते. त्याचा एक टक्का म्हणजे मिनिटाला २० लिटर. पाच-सहा लिटरच्या पेटीत दर मिनिटाला २० लिटर वायू घुसला आणि बाहेर पडायला वाट नसली तर काय होईल ते सांगायला नको. दाब वाढेल, क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सीले तेल गाळू लागतील, गेजपट्टी जागेवरून वर उचलली जाईल. म्हणून इंजिनाला श्वास सोडायची वाट ठेवावी लागते. त्या वाटेचा, म्हणजे एका साध्या नळीचा, इतिहास आम्हाला येथे सांगायचा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतून तो सांगणे सोयीचे आहे, कारण ही नळी उघडी ठेवली तर तिचे जे शत्रू आहेत ते दोन्ही, पाणी आणि धूळ, येथे मुबलक आहेत.

अगदी सुरुवातीच्या मोटारींत हा प्रश्न वेगळ्या रूपात होता. तेल खाणे हा तेव्हा दोष नव्हता, ती पद्धतच होती. चालकाने अधूनमधून हातपंपाने तेल ढकलायचे, ते बेअरिंगांमधून वाहून रस्त्यावर गळायचे किंवा जळून जायचे. (आपल्या दोन धावांच्या स्कूटर आणि लुना याच कुळातल्या. त्यांच्यात क्रँककेस हाच मिश्रण ढकलणारा पंप असल्याने तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे आणि ते सारे जळण्यासाठीच असे. तेथे श्वासाचा प्रश्नच नव्हता.) तेल पुन्हा पुन्हा फिरवून वापरायचे ठरले तेव्हा पेटी बंद करावी लागली, आणि पेटी बंद झाल्यावर आत अडकलेल्या वायूचा प्रश्न उभा राहिला. त्या वायूत पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते आणि त्याचा अंश रिंगांमधून खाली येतो. इंजिन थंड असेल तर ती वाफ पेटीत निवते आणि तेलाशी घुसळून पांढरट, ताकासारखा फेस तयार होतो. शिवाय गंधकाची आम्ले असतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. २०२० पासून ही मर्यादा दहा लाख भागांत दहा भाग, म्हणजे एक हजारांश झाली. जुन्या इंजिनांत तेल काळे आणि आंबट होण्याचे एक कारण ते होते.

यावरचा पहिला सर्वमान्य उपाय १९२० च्या दशकात रूढ झाला. पेटीच्या बाजूने एक नळी काढून ती गाडीखाली सोडायची आणि तिचे टोक तिरके कापायचे. गाडी पळू लागली की त्या टोकाजवळून हवा वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो आणि आतला वायू ओढला जातो. दुसऱ्या बाजूने, तेल ओतायच्या झाकणातल्या तारेच्या जाळीतून, ताजी हवा आत येते. बर्नुलीच्या तत्त्वाचे इतके स्वस्त उदाहरण दुसरे मिळणार नाही. पण त्यातच त्याची मर्यादा होती. ताशी चाळीसएक किलोमीटरच्या खाली ही ओढ नावापुरतीच असते. गाडी हळू चालली की इंजिन गुदमरते, वेगाने चालली की वायूबरोबर तेलाचे तुषारही ओढले जातात. जुन्या महामार्गांवर प्रत्येक मार्गिकेच्या मधोमध जो काळा पट्टा दिसे, त्यात या नळ्यांतून ठिबकलेल्या तेलाचा मोठा वाटा होता.

आता जुन्या चांदा जिल्ह्याकडे या. गडचिरोली त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, गोदावरी अशा नद्यांनी वेढलेला हा मुलूख. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाखाली आहे. आलापल्लीच्या जंगलातले सागवान बल्लारशाच्या डेपोत यायचे. कमलापूरला ओंडके ओढायला हत्ती होते, पण लांबचा पल्ला मालमोटारींचाच. वडसा सोडले तर गडचिरोलीच्या वाट्याला दीर्घकाळ रेल्वेचे स्थानकच नव्हते. रस्ते मुरमाचे, नाल्यांवर पुलाऐवजी रपटे, आणि पुष्कळ ठिकाणी रपटाही नाही. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात हा तालुका जगापासून तुटतो, हे तेथे दरवर्षीचे वृत्त असते. १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा तेथे पोचणे हेच एक काम होते.

अशा वाटेवर गाडीखाली लोंबणारी उघडी नळी म्हणजे नाल्याच्या पाण्याला आवतण. आणि पाणी नळीपर्यंत पोचले तर ते नुसते शिरते असे नाही, ओढले जाते. चार्ल्सचा नियम आठवा. पेटीतला वायू ८७ अंशांवर, म्हणजे ३६० केल्विनवर आहे. इंजिन नाल्यात बंद पडले आणि वायू २७ अंशांपर्यंत, म्हणजे ३०० केल्विनपर्यंत निवाला तर त्याचे आकारमान एक षष्ठांशाने घटते. सहा लिटरच्या पेटीत एक लिटरची जागा रिकामी होते. ती भरायला हवा मिळाली तर हवा, नाही तर पाणी. मागच्या आसाच्या डिफरन्शियलचे हेच होते. तापलेले घर थंड पाण्यात बुडले की ते सिलांतून पाणी ओढून घेते. नाले ओलांडणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलमधले तेल दुधाळ का निघते, याचे कोडे इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यालाही सोडवता येईल.

हा प्रश्न जगात सर्वांत निकडीने उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धात. रणगाडे आणि लष्करी गाड्या नद्यांतून, उथळ समुद्रातून किनाऱ्यावर उतरवायच्या होत्या. गाडीखालची नळी तेथे चालणे शक्य नव्हते. उपाय असा निघाला की नळीचे टोक बाहेर सोडायचेच नाही. ते इंजिनाच्याच शोषणनलिकेला जोडायचे. इंजिन हवा ओढतेच, त्याच ओढीने पेटीतला वायूही ओढला जाईल आणि पुन्हा जळून जाईल. आत येणारी ताजी हवाही झाकणाच्या जाळीतून नव्हे, एअर क्लीनरमधून गाळून घ्यायची. विलीज जीपमध्ये ही योजना होती. युद्धकाळात अशा सहा लाखांहून अधिक जीपा विलीज आणि फोर्ड यांनी मिळून बनवल्या.

या योजनेतली छोटी झडप हा विचार करण्याजोगा प्रकार आहे. इंजिन मंद चालत असते तेव्हा पेट्रोल इंजिनाच्या शोषणनलिकेत ओढ सर्वाधिक असते, पण गळणारा वायू थोडा असतो. चढावर पूर्ण जोर लावला की वायू सर्वाधिक गळतो, आणि नेमकी तेव्हाच ओढ सर्वांत कमी असते. म्हणजे हवे त्याच्या उलट. म्हणून झडपेत निमुळती खुंटी आणि स्प्रिंग बसवली. ओढ वाढली की खुंटी पुढे सरकून वाट अरुंद करते, ओढ घटली की स्प्रिंग तिला मागे रेटून वाट रुंद करते. आणि शोषणनलिकेत उलटा भडका उडालाच तर झडप पूर्ण मिटते, ज्वाला पेटीत शिरत नाही. हे शेवटचे काम क्षुल्लक नाही. गरम तेलाचे तुषार आणि हवा यांचे मिश्रण स्फोटक असते. सप्टेंबर १९४७ मध्ये ‘रेना देल पॅसिफिको’ या जहाजाच्या चाचणीत अशाच क्रँककेस स्फोटांनी २८ माणसे मेली. त्यानंतर मोठ्या सागरी इंजिनांच्या पेट्यांना दाब सोडणारी दारे बसवण्याकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

युद्ध संपल्यावर लष्कराने विकून टाकलेल्या जीपा भारतभर पसरल्या. मुंबईच्या महिंद्र कंपनीने विलीज जीपचे सुटे भाग आणून त्या येथे जोडायला १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरुवात केली. नागरी जीपमध्येही ती झडप राहिली. वनखाते, महसूलखाते, दवाखाने यांच्या कामाची गाडी म्हणजे जीप असे समीकरण पुढची तीन-चार दशके होते. त्यामुळे मोठ्या शहरांतल्या आलिशान परदेशी मोटारी आपला धूर रस्त्यावर सोडत होत्या, त्या काळात जंगलातल्या जीपा मात्र आपला श्वास परत गिळत होत्या. हे कोणी हवेच्या काळजीपोटी केलेले नव्हते. ते पाण्यासाठी होते. तंत्राच्या इतिहासात असे उलटेपालटे बरेच सापडते.

आता तेलाच्या हिशेबाकडे वळू. इंजिनातले तेल चार वाटांनी जाते: रिंगांवरून वर चढून जळते, झडपांच्या गाइडमधून उतरून जळते, सिलांतून गळते, आणि श्वासाबरोबर बाहेर पडते. चौथी वाट सर्वांत दुर्लक्षित, आणि विज्ञानशिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत रंजक.

गरम हवेत तरंगणारा तेलाचा थेंब किती वेगाने खाली पडतो हे स्टोक्सच्या नियमाने काढता येते. व्यास दहा मायक्रॉन असेल तर सेकंदाला सुमारे दोन मिलिमीटर. शंभर मायक्रॉन असेल तर सुमारे वीस सेंटिमीटर. वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आता २० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून मिनिटाला २० लिटर वायू जात असेल तर त्याचा वेग सेकंदाला एक मीटर येतो. त्यापुढे शंभर मायक्रॉनचा थेंबही टिकत नाही, सगळेच वाहून जाते. म्हणून नळीच्या आधी एक रुंद कप्पा ठेवतात, त्यात जाळी किंवा आडव्या पट्ट्या बसवतात. कप्प्याचा व्यास दहा सेंटिमीटर असेल तर तोच वायू तेथे सेकंदाला जेमतेम चार सेंटिमीटर वेगाने वर चढतो. आता पंचेचाळीस मायक्रॉनहून मोठे थेंब खाली पडून चेंबरात परततात, फक्त त्याहून बारीक तुषार निसटतात. दुष्काळी भागात पाणी अडवण्यासाठी प्रवाह पसरवून संथ करतात, तसलाच हा प्रकार.

रिंगा झिजल्या आणि गळती तिप्पट झाली तर? कप्प्यातला वेग तिप्पट होतो. वेग व्यासाच्या वर्गाशी बांधलेला असल्याने, वाहून जाणाऱ्या थेंबाचा व्यास तीनच्या वर्गमूळाने, म्हणजे १.७ पट वाढतो. थेंबाचे वजन व्यासाच्या घनाशी बांधलेले, म्हणून ते पाचपटीहून थोडे अधिक होते. म्हणजे वायू तिप्पट, पण त्याबरोबर जाऊ शकणारा सर्वांत मोठा थेंब पाचपट जड. वायूची गळती वाढते त्याहून तेलाची हानी झपाट्याने वाढते ती यामुळे. गेजपट्टीवरचे तेल वर्षभर बेताने उतरत असते आणि मग एकाएकी दर आठवड्याला लिटरभर टाकावे लागते, असे चालक सांगतात. ते अतिशयोक्ती करत नसतात.

याच हिशेबावरून दुसरी एक गोष्ट कळते, आणि ती खिशाला लागणारी आहे. ऑइल जास्त लागू लागले की मिस्त्री बहुधा रिंगांवर बोट ठेवतो आणि इंजिन उघडायचा सल्ला देतो. रिंगा खराब असतीलही. पण जाळी चिकटाने तुंबली असेल तर श्वास कोंडतो, पेटीत दाब वाढतो आणि चांगल्या रिंगा, चांगली सीले असूनही तेल वर चढते नि बाहेर गळते. पेट्रोल गाडीतली झडप उघडी अडकली असेल तर उलटे घडते: ओढ अनावर होऊन तेल थेट शोषणनलिकेत जाते आणि मागून निळा धूर येतो. दोन्ही दोष थोडे रॉकेल, एक ब्रश आणि अर्धा तास एवढ्यात निघू शकतात. इंजिन उघडण्याआधी नळी तपासावी, हे आम्ही आग्रहाने म्हणू.

गेजपट्टीवर विसंबतानाही जपावे लागते. गाडी दिवसभर या गावातून त्या गावात, पाच-पाच किलोमीटर, थांबत-थांबत जात असेल तर इंजिन पुरते तापतच नाही. जळायचे राहिलेले इंधन आणि निवलेले पाणी चेंबरात उतरते, तेलाची पातळी कमी झालेली दिसत नाही. मग एके दिवशी तीच गाडी गडचिरोलीहून नागपूरला एका दमात जाते, तेल चांगले तापते, पाणी आणि इंधन उडून नळीवाटे जाते, आणि परतल्यावर पट्टी अर्ध्यावर येते. तेल त्या एका प्रवासात गेले असे वाटते. ते महिनाभर जातच होते. पातळी खोटी होती.

पाण्याचे झाले, आता धूळ. उघड्या जाळीतून आत येणारी हवा एअर क्लीनरमधून आलेली नसते. इंजिन थंड होताना जो लिटरभर श्वास आत घेते तो मुरमाच्या रस्त्यावरचा, कोळशाच्या खाणीतला असतो. त्यातली गारेची सूक्ष्म कणी तेलात मिसळते, तेल रिंगांपर्यंत पोचते, रिंगा घासल्या जातात, गळती वाढते, दाब वाढतो, आणखी तेल जाते. एकदा हे चक्र सुरू झाले की स्वतःच स्वतःला ढकलते.

चंद्रपुरात ही धूळ कुठून येते हे सांगायला नको. वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण १८७० च्या दशकात निघाली. पुढे बल्लारपूर, घुग्गुस, माजरी, राजुरा परिसरात खाणी वाढत गेल्या. १९७५ मध्ये कोल इंडियाची स्थापना झाली आणि वेस्टर्न कोलफील्ड्स तिची उपकंपनी बनली. दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती अशा खुल्या खाणींत जमिनीखाली कमी आणि जमिनीवर जास्त, असा कारभार सुरू झाला. खुली खाण म्हणजे डंपर. त्यांची अवाढव्य डिझेल इंजिने किलोमीटरवर नव्हे, तासांवर मोजली जातात.

अशा इंजिनांचा श्वास मोजायची एक जुनी आणि सुंदर रीत आहे. पुण्याला १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स कंपनी स्थापन झाली आणि त्या घराण्याची इंजिने देशभरच्या खाणयंत्रांत गेली. त्यांच्या देखभालीत ही रीत नित्याची आहे. ब्रीदरच्या तोंडाला ठरावीक मापाचे भोक असलेले टोपण बसवायचे आणि आतला दाब पाण्याच्या नळीने मोजायचा. तीच आपली प्रयोगशाळेतली इंग्रजी यू आकाराची काचनळी! इंजिनावर पूर्ण भार टाकायचा आणि पाणी किती इंच चढते ते वहीत लिहायचे. दहा इंच म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर, वातावरणाच्या दाबाचा चाळिसावा भाग. भोकातून जाणाऱ्या वायूचा वेग उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, म्हणून पाण्याची उंची चौपट झाली तर गळती दुप्पट झाली असे समजायचे. एका आकड्याला फारसा अर्थ नसतो. दर काही शे तासांनी घेतलेले आकडे शेजारी शेजारी ठेवले की इंजिनाचे वय दिसते. त्याच्या जोडीला तेलाची नोंद असते. एस.टी.सारख्या परिवहन संस्थांतही डिझेलप्रमाणे तेलाचा हिशेब ठेवतात, तो याचसाठी. चांगल्या डिझेल इंजिनाचा ठोकताळा असा की जळालेल्या डिझेलच्या हजारात एक-दोन भाग तेल जावे. शंभर लिटर डिझेलमागे दीडशे मिलिलिटर गेले तर तक्रार नाही, लिटर गेले तर श्वास तपासा.

पाणी आणि तेल या दोन कारणांनी नळी बंद करणे शहाणपणाचे होते. तिसरे कारण, म्हणजे माणसाची फुप्फुसे, इतिहासात सर्वांत शेवटी आले. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारे धुके उतरले. ते कशाचे, हे बराच काळ कळेना. कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच शास्त्रज्ञ अननसाच्या वासातली द्रव्ये वेगळी करत होते. त्यांनी तीच रीत धुक्याच्या हवेला लावली आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस दाखवून दिले की मोटारींतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र येऊन हे धुके बनते. सर्वांचे लक्ष अर्थातच मागच्या धुराड्याकडे गेले. पण १९५० च्या दशकाच्या अखेरीस मोजमापे झाली तेव्हा असे दिसले की मोटारीच्या हायड्रोकार्बनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा धुराड्यातून नव्हे, क्रँककेसच्या त्या नळीतून येतो. पेट्रोल इंजिनात रिंगांतून निसटणारा वायू बहुतांशी न जळलेले मिश्रणच असतो, हे त्याचे कारण.

उपाय शोधायचा नव्हता. तो युद्धापासून जीपमध्ये होता. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या १९६१ च्या मॉडेलांत कारखानदारांनी ही झडप बसवली, उर्वरित अमेरिकेत ती १९६३ च्या मॉडेलांपासून आली. पुढे जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मोटार कारखानदारांच्या संघटनेवर खटला भरला. कंपन्यांनी प्रदूषणरोधक साधने, त्यांत ही झडपही, लांबणीवर टाकण्यासाठी आपसांत संगनमत केले असा आरोप होता. त्याच वर्षी तडजोडीने, कोणताही दोष मान्य न करता, प्रकरण मिटले. आम्हाला यातले वीस वर्षांचे अंतर विसरता येत नाही. नाल्यात गाडी बुडू नये म्हणून जे काही महिन्यांत झाले, ते लोकांच्या श्वासासाठी व्हायला दोन दशके लागली.

आपल्याकडे पेट्रोल गाड्यांच्या धुराची पहिली देशव्यापी मर्यादा १९९१ मध्ये आली, डिझेलची १९९२ मध्ये. पुढच्या मानकांत पेट्रोल गाड्यांच्या क्रँककेसमधून काहीही वातावरणात सोडू नये, अशी अट आली. डिझेलला सवलत राहिली, आणि तिच्यामागे खरी तांत्रिक अडचण होती. जुन्या डिझेल इंजिनात शोषणनलिकेत ओढ निर्माण करणारी पडझडपच नसते. टर्बो असेल तर नळी टर्बोच्या आधी जोडावी लागते, मग तुषारांतले तेल टर्बोच्या पात्यांवर आणि पुढच्या थंड करणाऱ्या जाळीत बसते. शिवाय डिझेलमध्ये इंधन उशिरा फवारले जात असल्याने निसटणाऱ्या वायूत हवा जास्त, इंधन कमी. अमेरिकेनेही टर्बो असलेल्या अवजड डिझेल इंजिनांना दिलेली सूट २००७ मध्ये काढली. नळी बंद करा, नाही तर तिच्यातून येणारे धुराड्याच्या हिशेबात धरा, असा नियम झाला. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांच्या काळातील अवजड इंजिनांत तुषार वेगळे करणारी गाळणी, काही ठिकाणी फिरत्या चकत्यांची, हा महत्त्वाचा भाग झाला आहे. गुरुत्वाकर्षणाने जे बारीक थेंब पडत नाहीत त्यांना केंद्रोत्सारी बलाने पाडायचे, एवढेच त्यात नवे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात देशातील ४३ अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर चौथे होते. त्याचा दोष क्रँककेसच्या नळ्यांवर टाकणे हास्यास्पद ठरेल. खाणी, औष्णिक वीज केंद्र, कारखाने यांच्यापुढे त्या कुठेच नाहीत. पण नळीचा संबंध उलट्या दिशेने आहे. हवेत जितकी धूळ, तितकी इंजिने लवकर झिजतात, तितके तेल जळते. गडचिरोलीत २०२१ पासून सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचे उत्खनन जोरात सुरू झाले आणि एटापल्ली-आलापल्ली-आष्टी वाटेवर मालमोटारींची रांग लागली. रस्त्याकडेच्या झाडांची पाने तांबडी होतात ती धूळ सगळ्याच गाड्यांच्या एअर क्लीनरपाशी पोचते: नव्या मालमोटारीच्या, जुन्या जीपच्या आणि धानाच्या बांधावर उभ्या ट्रॅक्टरच्याही. पैकी जुन्या ट्रॅक्टरचा आणि शेतावरच्या जुन्या डिझेल पंपाचा ब्रीदर बहुधा अजून उघडाच असतो.

त्यांच्यावर वर्गाला दाखवण्याजोगा एक साधा प्रयोग करता येतो. ओळखीच्या मिस्त्रीला सोबत घ्यावे, मुलांना पट्टा आणि पंखा यांपासून दूर उभे करावे. इंजिन गरम झाल्यावर मंद चालवून तेल ओतायचे झाकण काढावे आणि त्या तोंडावर वहीचा एक कोरा कागद अलगद धरावा. बंद श्वासाची पेट्रोल गाडी असेल आणि झडप चांगली असेल तर कागद तोंडाला चिकटतो. उघड्या ब्रीदरच्या चांगल्या डिझेल इंजिनावर तो जेमतेम थरथरतो. इंजिन झिजलेले असेल तर फटफट उडतो आणि त्यावर तेलाचे ठिपके पडतात. कागद उडत असेल तर आधी ब्रीदरची जाळी रॉकेलने धुऊन, वाळवून परत बसवावी. झाकण लावून इंजिन पुन्हा तेवढेच तापवावे, आणि नव्या कागदावर तेवढाच वेळ ठिपके घेऊन दोन्ही कागद शेजारी ठेवून मोजावेत.